किंमत सांगता, तर गावही सांगा

नाणेसंग्राहकांच्या बैठकीत एक रिवाज पडून गेलेला आहे. व्याख्यान आटोपलं, चहा आला की मंडळी खिशातून प्लॅस्टिकची छोटी पाकिटं काढतात आणि टेबलावर नवी खरेदी मांडली जाते. भिंग हातोहात फिरतं. नाणं कडेला धरायचं, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, खाली रुमाल असू द्यायचा, एवढी शिस्त नवख्यांनाही ठाऊक असते. मग प्रश्न सुरू होतात. वजन किती भरलं? कितीला पडलं? क्षत्रपांचं असेल तर साल वाचता येतंय का? शिवराई असेल तर ‘श्री राजा शिव’ पूर्ण आलंय का? ओतीव तर नाही ना, कडेला जोडाची रेघ तर नाही ना? हे सगळं मोकळेपणानं विचारलं जातं आणि मोकळेपणानं सांगितलंही जातं. एक प्रश्न मात्र कुणी काढत नाही. हे नाणं कुठल्या गावच्या मातीतून निघालं, आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय निघालं?

हा प्रश्न कुणाला सुचत नाही अशातला भाग नाही. तो विचारणं आगाऊपणाचं मानलं जातं. विकणाऱ्याची अडचण होते, घेणाऱ्याची पंचाईत होते, आणि ‘एका जुन्या कलेक्शनमधला पीस आहे’ या ठरलेल्या उत्तरावर विषय मिटतो. माझं म्हणणं असं की, हा प्रश्न टाळून आपण जे गमावतो आहोत ते टेबलावरच्या सगळ्या नाण्यांच्या एकत्रित किमतीहून मोठं आहे. गमावणारे आपणच संग्राहक आहोत. ते थांबवण्याची सुरुवातही आपल्यालाच करावी लागेल.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचं उदाहरण घेऊ. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी पश्चिमी क्षत्रपांच्या क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा स्वतःचा छाप मारलेला. असं एखादं नाणं आजही बाजारात मिळतं आणि बैठकीत आलं की सगळे पुढे सरसावतात. ते आहेच तसं. पंधरा-सोळा मिलिमीटरचा चांदीचा तुकडा, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. गौतमीपुत्रानं ते वितळवण्याच्या भानगडीत न पडता त्यावरच आपला ठसा ठोकला: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. नाणं दिव्याखाली तिरकं केलं की डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक वर येतं, कधी गालाचा उंचवटा, कधी दोन-चार ग्रीक अक्षरं. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्या राजाची मोहोर. इतकी बोलकी वस्तू पाहून माणूस हरखला नाही तरच नवल.

पण हे एकटं नाणं आपल्याला सांगतं तरी किती? एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्या राजानं छाप मारला, एवढंच. तो प्रयोग असू शकतो, एखाद्या टांकसाळीची सोय असू शकते. तेराच्या तेरा हजार नाणी एकत्र पाहिल्यावर चित्र पालटतं. तीनांतली दोन नाणी पुन्हा छापलेली आहेत म्हणजे हे काम राज्याच्या पातळीवर, ठरवून चाललं होतं. उरलेली चार हजार तशीच आहेत म्हणजे साठा पुरला तेव्हा ते काम पुरं झालं नव्हतं आणि जुनं-नवं चलन शेजारी शेजारी चालत होतं. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनं आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निखालस संपवल्याचं कोरून ठेवलं आहे. आईनं केलेली मुलाची स्तुती म्हणून कुणी त्यावर शंका घेतली असती. जोगलटेंभीच्या साठ्यानं त्या ओळीला चांदीची साक्ष मिळवून दिली. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. ‘नहपानाचे’ म्हणून कोरलेले चेहरे एकमेकांशी जुळत नव्हते. कुणी तरुण, कुणी वृद्ध, नाकाची आणि जबड्याची ठेवणच निरनिराळी. मग हे खरोखर एकाच माणसाचे चेहरे आहेत का? एक नाणं हातात घेऊन हा प्रश्न पडूच शकत नाही. त्यासाठी हजारो चेहरे शेजारी ठेवावे लागतात.

आता हाच साठा १९०६ ऐवजी आज, रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दातांना लागला असं समजा. संध्याकाळपर्यंत तो दोघा-तिघांत वाटला जाईल. तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत त्याचे ढीग पडतील: छाप मारलेली एकीकडे, न मारलेली दुसरीकडे, कारण दोघांचे भाव वेगळे. चांगली निवडून शहरात जातील, झिजलेली किलोवर. काळवंडलेली नाणी आम्लात बुडवून लख्ख केली जातील. दोन-तीन वर्षांत ती देशभरच्या संग्रहांत पोचतील आणि ठिकठिकाणच्या बैठकांत नवी खरेदी म्हणून कौतुकानं मांडली जातील. एकही नाणं हरवणार नाही, तरी साठा मात्र संपलेला असेल. तीनांत दोन हे प्रमाण कुणालाच कळणार नाही, कारण ते कुठल्याच नाण्यावर लिहिलेलं नव्हतं.

हे ज्यांना फार विद्वानांचं दुखणं वाटत असेल त्यांनी दामोदर धर्मानंद कोसंबींचं काम आठवावं. गोव्यात जन्मलेला आणि पुण्यात राहिलेला हा गणिती नाण्यांकडे वळला तो सांख्यिकीच्या वाटेनं. आहत नाण्यांवर ना राजाचं नाव असतं ना साल. असतात ती फक्त ठोकलेली चिन्हं. कोसंबींनी विचार केला तो असा: चलनातली चांदी हाताळून झिजते, तेव्हा जे नाणं जास्त काळ फिरलं ते सरासरीनं हलकं भरणार. तक्षशिलेच्या साठ्यांतल्या नाण्यांची वजनं त्यांनी या दृष्टीनं तपासली. मागच्या बाजूला मारलेल्या बारीक खुणा जितक्या जास्त तितकं वजन कमी, असा मेळ त्यांना दिसला. आपलं गृहीतक पारखायला त्यांनी चालू काळातली हजारो नाणीसुद्धा तोलली. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ साली मिळालेल्या साठ्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप अऱ्हिडियस याचं एक अशी कोरीकरकरीत नाणी होती, म्हणून तो साठा केव्हा पुरला गेला याचा अंदाज बांधता आला. ती तीन ग्रीक नाणी तिथल्या तिथे कुणी वेगळी विकली असती तर? हजाराहून जास्त आहत नाण्यांचा काळाशी जोडणारा दोरा तिथेच तुटला असता.

आणि ज्या नाण्याला आम्लाचा हात लागला ते कोसंबींच्या पद्धतीच्या दृष्टीनं मेलेलंच. त्याचं वजन चलनातल्या वापरानं किती कमी झालं आणि सराफाच्या वाटीत पंधरा मिनिटांत किती, हे कोण सांगणार? तरी बैठकीत चमकणाऱ्या नाण्यालाच दाद मिळते. तांब्याच्या नाण्यावर हिरवट-तपकिरी साय धरलेली असते, तिला मातीचे कण चिकटलेले असतात. चिंच-मीठ लावून ती खरवडली की नाणं नवं दिसतं आणि मातीत काढलेली शतकं पुसली जातात. विक्रेत्याला ग्राहकाची आवड कळते. आपण चमक मागतो म्हणून तो चमक देतो.

दुर्मीळपणाचंही जरा उलगडून पाहायला हवं, कारण नवी खरेदी दाखवताना जीभ सगळ्यात आधी त्याच शब्दावर जाते. १९०६ पूर्वी नहपानाची चांदीची नाणी फार थोडी माहीत होती. एका साठ्यानं ती हजारोंनी उपलब्ध झाली. म्हणजे नाण्याचा दुर्मीळपणा हा पुष्कळदा आजवर काय निघालं आणि काय जाहीर झालं याचा हिशेब असतो. हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. शंभर नाण्यांचा ताजा लॉट हाती आला तर त्यातली दोन बाहेर काढायची, ‘कधी न पाहिलेला प्रकार’ म्हणून विकायची, सहा महिन्यांनी आणखी तीन, असा त्याचा हिशेब असतो. मूळ साठ्याबद्दलचं मौन हे कायद्याच्या भीतीनं जितकं पाळलं जातं तितकंच नफ्यासाठीही पाळलं जातं. आणि त्या मौनाची किंमत पहिल्या दोन नाण्यांना भरमसाट पैसे मोजणारा संग्राहक चुकती करतो. गाव विचारणं हे इतिहासाच्या सेवेसाठी करायचं नसेल तर निदान स्वतःच्या खिशासाठी तरी करावं.

आता दोष नुसता बाजाराच्या माथी मारून चालणार नाही. आपला निखात निधीचा कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. न कळवल्यास सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कळवल्यास काय? निधी बेवारस ठरला आणि वाटणीबाबत दुसरा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारला तो हवा असेल तर त्यानं मोबदला द्यायचा तो असा: वस्तूतल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग. धातूची किंमत! नाण्याची नव्हे.

हिशेब करून पाहू. नाला खोदताना पाचशे शिवरायांचं मडकं निघालं. एक शिवराई साधारण बारा ग्रॅमची धरली तर तांबं झालं सहा किलो. किलोला हजार रुपये भाव धरला तरी सहा हजार, आणि पाचवा भाग बाराशे. एकूण सात हजार दोनशे. त्यातले पाच हजार चारशे खोदणाऱ्या मजुराचे, अठराशे शेतमालकाचे. त्यासाठी तलाठी, पोलीस, पंचनामा, तारखा आणि ‘आणखी कुठे लपवलंय बोल’ हा संशय. उलट बाजारपेठेतला सराफ किंवा भंगारवाला त्याच संध्याकाळी याहून जास्त रोख हातावर ठेवतो आणि काही विचारत नाही. अशा वेळी मजुरानं कायदा पाळावा अशी अपेक्षा धरणारा माणूस त्या मजुराच्या जागी कधी उभा राहिलेला नसतो. छत्रपतींच्या नावाचं नाणं तांब्याच्या भावानं मोजणारा कायदा स्वतंत्र देशाच्या कायद्याच्या पुस्तकात अजून असावा, ही मला शरमेची गोष्ट वाटते.

इंग्लंडनं १९९६ साली आपला कायदा बदलला. तिथे निधी कळवला की तज्ज्ञांची समिती त्याची बाजारातली किंमत ठरवते आणि तो घेऊ इच्छिणारं संग्रहालय ती भरतं. परिणाम काय होतो ते २०१० साली सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ दिसलं. हौशी शोधकाला शेतात मडक्याचा काठ लागला. त्यानं तिथेच हात थांबवला आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी मडकं थराथरानं रिकामं केलं. निघाली ५२,५०३ रोमन नाणी. थर सांभाळल्यामुळे कळलं की, सगळ्यात अलीकडची, म्हणजे कॅरॉसिअस या राजाची बहुतेक नाणी मडक्याच्या निम्म्याहून खाली होती आणि जुनी नाणी त्यांच्या वर. म्हणजे हे कुणा कुटुंबानं वर्षानुवर्षं टाकत नेलेलं पुंजीचं मडकं नव्हतं; सगळी नाणी एकाच सुमाराला ओतलेली असणार. मडकं पातळ, आतला भार दीडशे किलोच्या वर. तेव्हा ते आधी पुरून मग भरलेलं. त्यावरून ते देवाला वाहिलेलं असावं असाही तर्क पुढे आला. संग्रहालयानं त्या साठ्याचे ३,२०,२५० पौंड मोजले आणि ते शोधणारा आणि जमीनमालक यांना मिळाले. आपल्याकडे हौशी लोकांनी यंत्रं घेऊन टेकड्या उकरत हिंडावं असं मी म्हणत नाही. आपल्या पांढरीच्या टेकाडांना ते परवडणारं नाही. पण नांगराला किंवा जेसीबीला आपसूक लागलेल्या वस्तूचा रास्त मोबदला देणं आपल्यालाही अशक्य नाही, आणि ही मागणी सर्वांत जोरात संग्राहकांच्या संघटनांनी करायला हवी. त्यांना बाजारभाव ठाऊक आहे.

माझ्या म्हणण्यावर संग्राहक मित्र तीन आक्षेप घेतात आणि तिन्ही मला गंभीर वाटतात. पहिला असा की, संग्राहक नसते तर ही नाणी मुशीत गेली असती. शंभर टक्के खरं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जमवलेली नाणी नसती तर पश्चिमी क्षत्रपांची वंशावळ लावणं कितीतरी अवघड झालं असतं. क्षत्रपांच्या चिमुकल्या चांदीच्या नाण्यावर राजाचं नाव, बापाचं नाव आणि पुढच्या काळात चेहऱ्यामागे शक वर्षाचा आकडा असतो. ती माळ कुणीतरी जिवापाड जमवली म्हणून ओवता आली. पण मुशीची भीती आज पूर्वीइतकी राहिलेली नाही. चांदीच्या जुन्या नाण्याला धातूपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात हे आता आठवडे बाजारातल्या विक्रेत्यालाही माहीत आहे. तांब्या-शिशाच्या बाबतीत भीती अजून खरी आहे, आणि तिथे मी संग्राहकाच्या बाजूनं उभा राहीन. फक्त नाणं वाचवणाऱ्यानं त्याचं गावही वाचवावं.

दुसरा आक्षेप: विचारलं तर विक्रेता खोटं सांगेल. काही जण सांगतील. पण ग्राहक सातत्यानं काय विचारतो त्यावर बाजार घडत जातो. ग्राहकांनी वजन विचारलं, विक्रेते वजन लिहू लागले. ग्राहकांनी खरेपणाची हमी मागितली, तर प्रमाणपत्राच्या सीलबंद डब्या आल्या आणि दर्जाचे आकडे आले. गाव कुणी मागितलंच नाही म्हणून ते आलं नाही. गाव, वर्ष आणि सोबतच्या नाण्यांचा फोटो असलेल्या नाण्याला आपण दोन पैसे जास्त देऊ लागलो तर खेड्यात पहिली खरेदी करणारा माणूस पुडीवर गावाचं नाव टिपून ठेवू लागेल. खोट्या नोंदीही कालांतरानं उघड्या पडतात, कारण प्राचीन नाण्यांचे बरेच प्रकार आपापल्या प्रदेशाला चिकटून असतात. कुर राजांची शिशाची नाणी कोल्हापूरच्या परिसरात सापडतात, म्हणून तर त्यांची सत्ता तिथे होती असं आपण म्हणू शकतो. उद्या कुणी ती भलत्याच जिल्ह्यातली म्हणून विकू लागला तर जाणकाराच्या भुवया उंचावतीलच.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. गाव सांगितलं तर पोलीस त्या शेतकऱ्याच्या दारात जातील. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कायदा बदलेपर्यंत मधला मार्ग म्हणून तालुक्यापुरती नोंद करावी, आणि ती एखाद्या अभ्याससंस्थेकडे ठेवावी. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० सालापासूनची भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, विद्यापीठांत प्राचीन इतिहासाचे विभाग आहेत. परंतु एखादा साठा नुकताच, न कळवता फोडला आहे हे ज्याला कळलं त्यानं त्यातलं नाणं घेऊ नये, मग ते कितीही देखणं असो. इथे मला तडजोड मान्य नाही. आज आपण घेतलेलं नाणं म्हणजे उद्या फुटणाऱ्या साठ्याला दिलेला विसार असतो.

साठ्यांचं राहू द्या. जुन्या संग्रहांची हानी तर कुठलाही कायदा आड न येता, आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. मागच्या पिढीतले संग्राहक नाणी कागदाच्या पुड्यांत ठेवत. पाठकोऱ्या बिलाचा, लग्नपत्रिकेचा तुकडा घडी घालून, वर पेन्सिलीनं चार शब्द: पैठण, नदीकाठ, गुराख्याकडून; तेर, पावसाळ्यानंतर; नेवासे, सहापैकी एक. अशा पुड्या मी हाताळल्या आहेत. आत बोटाच्या पेराएवढं सातवाहनांचं नाणं, हत्तीची सोंड जेमतेम ओळखू येणारं, बाजारात ज्याला फार मोल नाही असं. त्या चार शब्दांमुळे ते एका नदीच्या एका काठाला बांधलेलं असतं. संग्राहक जातो, घरची मंडळी लॉटनं विकून टाकतात, नवा मालक नाणी पारदर्शक डब्यांत घालतो आणि पुड्या केरात जातात. नव्या डबीवर पुढच्या बैठकीत तेच उत्तर मिळतं, ‘एका जुन्या कलेक्शनमधला पीस.’ या वेळी ते खरंही असतं. पण त्या कलेक्शननं जपलेलं जे होतं ते आपणच फेकलेलं असतं.

म्हणून नवी खरेदी दाखवण्याच्या रिवाजात एवढी भर घालावी असं मी सुचवतो. प्रत्येक मंडळानं बैठकीच्या टेबलावर एक नोंदवही ठेवावी. नाणं मांडणाऱ्यानं त्यात लिहावं: दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, स्वच्छ केलंय का आणि कशानं, आधीचा मालक, सापडल्याचं गाव किंवा निदान तालुका, सोबत काय होतं. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ असं स्वच्छ लिहावं. ‘जुना संग्रह’ असं गुळमुळीत काही नको. जुनी पुडी असेल तर ती नाण्याबरोबरच ठेवावी आणि तिचाही फोटो वहीत चिकटवावा. वर्षाअखेर वहीची एक प्रत अंजनेरीला किंवा जवळच्या विद्यापीठाला धाडावी. किमतीचा रकाना ठेवायचा की नाही, ते ज्या त्या मंडळानं ठरवावं.